पाप कुणाचं, माफी कुणाची?

पापाचा धंदा आमच्या नाशकात फार जुना आहे. रामकुंडात बुडी मारली की पाप धुतलं जातं, असं सांगून इथं पिढ्यान्‌पिढ्या पोटं भरली गेली. दर बारा वर्षांनी सिंहस्थ येतो. लाखो माणसं येतात, पाप सोडून जातात, आणि मागे राहिलेली घाण उपसायला कुणाला उभं केलं जातं हे मी तुम्हाला सांगायला नको. पाप त्यांचं, झाडू आपला.

त्याच गोदावरीच्या एका अंगाला पंचवटीतलं काळाराम मंदिर. २ मार्च १९३० पासून बाबासाहेबांच्या आणि दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली आपली माणसं त्या दाराशी उभी राहिली. दगड खाल्ले, तुरुंगात गेली. दार उघडलं नाही. दुसऱ्या अंगाला शरणपूर. १८५४-५५ च्या सुमारास चर्च मिशनरी सोसायटीनं वसवलेली ख्रिस्ती वसाहत. पहिलं दार म्हणालं, तुम्ही जन्मानंच विटाळ, लांब व्हा. दुसरं दार म्हणालं, आम्ही सगळेच पापी, तुम्हीही पापी, या आत.

पहिल्या दाराचं काय झालं ते आपल्याला पाठ आहे. १३ ऑक्टोबर १९३५ ला याच जिल्ह्यातल्या येवल्याला बाबासाहेबांनी सांगून टाकलं की हिंदू म्हणून मरणार नाही. पण दुसऱ्या दारात ते का शिरले नाहीत? कुणाही कार्यकर्त्याला विचारा. तो म्हणेल, परका धर्म म्हणून. हे उत्तर अर्धं आहे. उरलेलं अर्धं फार महत्त्वाचं आहे, आणि ते आपण कधी नीट तपासलं नाही. मिशनरी म्हटलं की दुधाची पावडर आणि जुने कपडे, एवढं बोलून आपण हसतो आणि मोकळे होतो. ज्यांच्या आजोबांनी भुकेपोटी धर्म बदलला त्यांना हसायचा अधिकार निदान आपल्याला तरी नाही. भूक आपल्याही घरी होती.

माझ्या ओळखीचे एक ख्रिस्ती मास्तर आहेत. मूळचे आपल्यातलेच, नगरकडचे. गाव त्यांच्या आजोबांना 'बाटला' म्हणायचं. शब्द बघा. ज्याच्या सावलीनंच गाव बाटत होतं तो आणखी कसा बाटणार? पण मराठी भाषेनं ती सोय करून ठेवली आहे. तर हे मास्तर मला नेहमी डिवचतात. म्हणतात, "तुमच्या बाबासाहेबांनी तुम्हाला हक्क दिले, शिक्षण दिलं, मान्य. पण पापाचं काय? मोर्चा संपला, सभा संपली, माणूस रात्री घरी एकटा पडला, की मनातलं जे टोचतं त्याचं काय करता तुम्ही? आमच्याकडं कृपा आहे. तुमच्याकडं काय आहे?"

प्रश्न टिंगलीवारी नेण्यासारखा नाही. त्याचं उत्तर द्यायचं तर आधी कृपा म्हणजे काय ते त्यांच्या बाजूनं समजून घेतलं पाहिजे.

पौल नावाच्या प्रेषितानं रोमच्या मंडळीला लिहिलेल्या पत्रात ही गोष्ट मांडली आहे. त्याचं म्हणणं थोडक्यात असं. माणूस म्हणून जन्मलेला प्रत्येकजण पापाखाली आहे. यहुदी असो, ग्रीक असो, धर्मशास्त्र पाठ असलेला असो वा नसलेला असो. स्वतःच्या पुण्यानं हे कर्ज कुणालाच फिटत नाही. ते ख्रिस्तानं क्रुसावर फेडलं. देव माणसाला लायकी न विचारता, फुकट, आपलं म्हणतो. ही कृपा. मग त्याच पत्राच्या सहाव्या अध्यायात तो पुढचा प्रश्न स्वतःच विचारतो: कृपा फुकट आहे, तर मग पाप चालू ठेवायचं का? आणि स्वतःच झिडकारून सांगतो, मुळीच नाही. पाप तुमचा मालक होता, तुम्ही त्याचे गुलाम होता. आता मालक बदलला. मग जुन्या मालकाच्या दारी पुन्हा कशाला राबायला जाता?

ही भाषा गुलामांच्या बाजाराची आहे. ख्रिस्ती लोक ज्याला 'तारण' म्हणतात त्याच्या मुळाशी खंडणी भरून गुलाम सोडवून आणण्याची कल्पना आहे. आता ही भाषा कर्मसिद्धान्ताच्या शेजारी ठेवून बघा. कर्मसिद्धान्त म्हणजे सावकाराची वही. गेल्या जन्मी काय केलं ते तुला आठवत नाही, वही तुला दाखवणार नाही, पण व्याज या जन्मी भर. गीतेच्या नवव्या अध्यायात स्त्रिया, वैश्य आणि शूद्र यांच्या शेजारी 'पापयोनी' हा शब्द आहे. म्हणजे पाप करायची गरजच नाही, योनीच पापाची. अशा माणसाला कुणी प्रथमच सांगितलं की वही फाडली, तू मोकळा, आणि तुझ्यासारखाच तो बामणही पापी, तर त्याला केवढं हलकं वाटलं असेल! सगळे सारखेच पापी, ही सुद्धा एक समताच होती. नगर जिल्ह्यातले महार-मांग शेकड्यांनी ख्रिस्ती झाले ते नुसत्या ज्वारीसाठी झाले, असं म्हणणारा त्यांच्या मनाचा अपमान करतो.

पण आता खरी अडचण येते.

बाबासाहेबांच्या इंग्रजी लेखनाचा पाचवा खंड १९८९ साली निघाला. त्यात ख्रिस्ती झालेल्या अस्पृश्यांबद्दल लेख आहेत. मिशनऱ्यांनी केलेल्या सेवेचं मोल त्यांनी नाकारलं नाही. पण चर्चमध्ये जात तशीच राहिली हे दाखवलं. आणि त्याहून खोल बोट ठेवलं ते पापाच्या शिकवणीवर. अस्पृश्य माणूस ख्रिस्ती होतो. चर्चमध्ये बसतो. तिथं त्याला सांगतात, तुझं पतन झालं ते तुझ्यातल्या पापामुळं. भोवतालच्या समाजानं तुला पाडलं, हे कुणी सांगत नाही. मग तो गुडघे टेकून स्वतःसाठी क्षमा मागतो. ज्यानं पाडलं त्याची कॉलर धरत नाही.

दोस्तहो, इथं थांबून विचार करा. काळारामाच्या बंद दारापाशी दोन माणसं आहेत. एक आतून कडी लावणारा, दुसरा बाहेर दगड खाणारा. दोघेही पापी, दोघांनाही कृपेची सारखीच गरज, असं म्हटलं की ऐकायला थोर वाटतं. पण त्या एका वाक्यात दगड कुणी मारला हेच पुसलं जातं.

हे मी मनचं सांगत नाही. खुद्द शरणपूरचाच इतिहास काढा. तिथं एकेकाळी आफ्रिकन मुलं राहायची. अरबी समुद्रात गुलाम वाहून नेणारी गलबतं इंग्रजांचं आरमार पकडायचं, त्यातली सोडवलेली मुलं मुंबईत उतरवायची. त्यातली कितीतरी १८६० नंतर इथं नाशकात आली. सुतारकी, लोहारकी शिकली, लिहावाचायला शिकली, बाप्तिस्मा झाला. त्यातली काही पुढे डेव्हिड लिव्हिंग्स्टनबरोबर आफ्रिकेत गेली. जेकब वेनराइट हा त्यांच्यातलाच एक. १८७३ साली लिव्हिंग्स्टन मेला तेव्हा त्याचं प्रेत किनाऱ्यापर्यंत वाहून आणणाऱ्यांत तो होता. १८७४ साली लंडनला वेस्टमिन्स्टर अॅबेमध्ये अंत्यविधी झाला तेव्हा शवपेटीला हात देणाऱ्यांत नाशकात शिकलेला हा काळा पोरगा होता. बाकीच्यांतले बरेच मोंबासाजवळच्या फ्रीअरटाउन वसाहतीत जाऊन राहिले. या शहराच्या पोटात अशी माणसं होऊन गेली, आणि आपल्याला शाळेत कुणी सांगितलं नाही.

त्या पोरांना आसरा देणाऱ्यांचे उपकार कुणी नाकारू नयेत. पण माझा प्रश्न वेगळा आहे. आईच्या कुशीतून ओढून नेलेलं, साखळदंडात बांधून गलबतात कोंबलेलं लेकरू. ते इथं येतं, आणि त्यालाही शिकवण तीच: तू पापी आहेस, क्षमा माग. कुठलं पाप? त्यानं काय केलं होतं?

आता याची दुसरी बाजू. जॉन न्यूटन नावाचा एक इंग्रज खलाशी होता. १७४८ साली वादळात जहाज बुडायला आलं तेव्हा त्याला देव आठवला. कृपा झाली, असं तो पुढे आयुष्यभर सांगत राहिला. पण त्या कृपेनंतरच तो गुलामांच्या जहाजाचा कप्तान झाला आणि १७५४ पर्यंत त्यानं माणसं वाहून नेली, विकली. पुढे पाद्री झाला. कृपेवरचं त्याचं गीत आज जगभर गातात, ते १७७२ च्या अखेरीला लिहिलेलं. आणि गुलामांच्या व्यापाराविरुद्ध जाहीर पुस्तिका काढली ती १७८८ साली. तिचा उपयोग झाला. १८०७ साली इंग्लंडनं तो व्यापार कायद्यानं बंद केला. पण हिशोब मांडा. देवाकडून माफी १७४८ ला. ज्यांना विकलं त्यांच्या बाजूनं जाहीर शब्द चाळीस वर्षांनी. मधल्या चाळीस वर्षांत न्यूटनचं मन हलकं झालं होतं. गलबताच्या तळाशी पडलेल्याचं ओझं कुणी हलकं केलं?

म्हणून मला जे सांगायचं आहे ते एवढंच आहे. कोर्टाच्या भाषेत सांगतो. माफी वेगळी आणि निर्दोष सुटका वेगळी. ज्यानं गुन्हा केला त्याला माफी लागते. ज्याच्यावर खोटा आळ आहे त्याला माफी दिली तर तो दुसरा अपमान झाला, कारण माफी स्वीकारायची म्हणजे गुन्हा कबूल करायचा. आपल्यावर जन्मानं अपवित्र असल्याचा आळ होता. हजारो वर्षांचा. तो आळ काढून टाकायचा होता. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरला बाबासाहेबांनी आपल्याला माफी मिळवून दिली नाही. त्यांनी तो खटलाच खोटा ठरवला. शरणपूरच्या दारात न शिरण्याचं उरलेलं अर्धं कारण मला हे दिसतं.

आणि ज्यानं खरोखर गुन्हा केला त्याचं काय? त्याला माफी मिळावी, पण ती ज्याच्यावर अन्याय झाला त्याला वगळून कशी मिळेल? तुम्ही माझं घर जाळलं आणि माफी तिसऱ्याकडून आणली, तर माझ्या जळक्या घराचं काय? हा दोष एकट्या ख्रिस्ती धर्माचा नाही. गांधीजींनी अस्पृश्यता हे सवर्णांचं पाप मानलं. १९३४ च्या बिहारच्या भूकंपालाही त्यांनी त्याच पापाची शिक्षा म्हटलं. १९३२ साली हरिजन सेवक संघ निघाला. त्याचा कारभार सवर्णांच्या हातात, का तर म्हणे प्रायश्चित्त त्यांना घ्यायचं आहे. म्हणजे पाप त्यांचं, प्रायश्चित्त त्यांचं, पुण्यही त्यांचंच. आपण कोण? रामकुंडाचं पाणी. त्यांनी बुडी मारायची, आपण गढूळ व्हायचं.

मग बौद्धांकडं काय आहे? बुद्धानं कुणाला मोक्ष देण्याचं वचन दिलं नाही. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या १९५७ साली निघालेल्या ग्रंथात बाबासाहेब सांगतात की बुद्ध मार्गदाता आहे, मोक्षदाता नाही. वाट दाखवतो, पाय आपले. आपणही 'शरण' म्हणतो, शरणपुरातही तोच शब्द आहे. पण आपलं शरण जाणं म्हणजे मान तुकवणं नव्हे. पाऊस आला तर माणूस छपराखाली जातो, तो छपराचा गुलाम होत नाही.

अंगुलिमालाची गोष्ट सगळ्यांना ठाऊक असते, पण अर्धीच. माणसं मारून बोटांची माळ घालणारा दरोडेखोर. बुद्धानं त्याला लायकी न विचारता संघात घेतलं. इथपर्यंत पौलाला आवडेल अशीच ही गोष्ट आहे. पण पाली मज्झिम निकायात ती पुढे जाते. अंगुलिमाल भिक्षेला गावात जातो. लोक दगड मारतात. डोकं फुटतं, पात्र फुटतं, चीवर फाटतं. रक्तानं माखलेला तो परत येतो. बुद्ध त्याला सांगतात, सोस, हे तुझ्याच कृत्याचं फळ आहे. आणि लोकांना 'याला माफ करा' असं सांगायला बुद्ध जात नाहीत. ज्यांची माणसं मेली त्यांचा राग त्यांचाच राहू देतात. मला ही गोष्ट फार न्यायाची वाटते. माणूस बदलू शकतो, हे मान्य. पण बदललेल्यानं गावाच्या रस्त्यावरून रोज चाललं पाहिजे.

तरीही कृपेच्या कल्पनेत एक गोष्ट अशी आहे जी आपण टाकून देऊ नये. ती म्हणजे, माणसाची किंमत त्याच्या लायकीवर ठरत नाही. आज उठसूट आपल्याला मेरिट विचारतात. आणि आपणही, खरं बोलायचं तर, वस्तीतल्या साहेबाला खुर्ची देतो आणि गटारीकाठी पडलेल्या दारुड्याला माणसात धरत नाही. कृपा म्हणते, तो आधी माणूस, बाकीचं मागून. बाबासाहेबांनी हीच गोष्ट देवाच्या हातून काढून घटनेत आणली. मत द्यायला ना शिक्षण विचारलं, ना जमीन, ना चारित्र्याचा दाखला. प्रौढ झालास, माणूस आहेस, एक मत, एक मूल्य. कृपा वरच्याच्या मर्जीवर असते, तो ती परत घेऊ शकतो. हक्क मर्जीवर नसतो. आपल्या आज्यांनी 'मायबाप सरकार' म्हणून हात जोडले ते कृपेसाठी. आपण उभे राहतो ते हक्कासाठी.

आता मास्तरांच्या प्रश्नाकडं येतो. रात्री जे टोचतं त्याचं काय?

जर्मनीत डीट्रिश बोनहॉफर नावाचा एक पाद्री होता. हिटलरच्या विरोधात गेला म्हणून ९ एप्रिल १९४५ ला त्याला फासावर दिलं. त्यानं १९३७ च्या आपल्या पुस्तकात स्वस्त कृपेवर आसूड ओढला आहे. माफी घ्यायची पण जगणं बदलायचं नाही, ती स्वस्त कृपा. त्याच्या देशातली चर्चं रविवारी माफी वाटत होती आणि शेजारच्या ज्यूचा छळ होत होता, तेव्हा तो हे बोलला.

मला त्याच्या तोडीचा शब्द आपल्यासाठी सुचतो: स्वस्त दीक्षा. आळ तर आपल्यावरून निघाला. जन्मानं आपण निर्दोष. पण जन्मानं निर्दोष म्हणजे जगण्यातही निर्दोष असं कुठंय? १९५६ नंतर आपण जे केलं त्याचा हिशोब कुणाच्या वहीत लिहायचा? बावीस प्रतिज्ञा फोटोखाली छापून भिंतीला लावल्या. दारू पिणार नाही ही त्यातलीच एक. आणि संध्याकाळी? सभेत मनुस्मृती जाळणारा घरी बायकोवर हात टाकतो, तेव्हा तिच्या पाठीवरचा वळ मनूनं उठवलेला नसतो. पोरीचं लग्न ठरवताना महार, मांग, चांभार, ढोर हे सगळं पुन्हा कुठून निघतं? मातंग वस्तीत आपल्यातले किती जण जेवायला जातात? आणि ख्रिस्ती दलित? १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशात अनुसूचित जाती फक्त हिंदूंच्या धरल्या. १९५६ ला शीख आले, १९९० ला लढून आपण बौद्ध आलो. ख्रिस्ती तेव्हाही बाहेरच राहिले. आपल्याच रक्ताची ही माणसं. आपण आत गेलो आणि कडी कोणत्या बाजूनं लागली आहे हे वळून पाहिलं का?

"आमच्यावर अन्याय झालाय" हे खरं आहे, पण तो गुन्हे माफ करायचा परवाना नाही. नाहीतर ती सुद्धा एक स्वस्त कृपाच.

वागणं आधी बदललं आणि विधी नंतर झाला, याचा एक दाखला नाशकाजवळच्याच बाईचा आहे. लक्ष्मीबाई टिळक. माहेर जलालपूरचं. वडिलांचं सोवळं इतकं कडक की बाहेरून आलेली वस्तू धुऊन घरात यायची. नवरा, कवी नारायण वामन टिळक, १८९५ ला ख्रिस्ती झाला. ही बाई काही वर्षांनी त्याच्याकडं परत आली तरी आपलं सोवळं आणि आपलं पाणी वेगळंच ठेवून होती. मग तिनं स्वतःच्या डोक्यानं विचार केला आणि जात सोडली. कुणाच्याही हातचं खाऊ लागली. बाप्तिस्मा त्यानंतर, १९०० साली. 'स्मृतिचित्रे'त तिनं हे सगळं सांगितलं आहे. पाणी डोक्यावर पडण्याआधी तिनं दुसऱ्याच्या हातचं पाणी प्यालं होतं. ब्राह्मणाच्या घरची बाई म्हणून तिला सोडायचं होतं ते आपल्याला सोडायचं नाही. पण क्रम तिचा बरोबर होता.

तेव्हा मास्तरांना माझं उत्तर असं. मास्तर, रात्री टोचतं ते आम्हालाही टोचतं. टोचलं पाहिजे. ते बुजवायला आमच्याकडं कुणी नाही, याची आम्हाला लाज नाही. आम्ही सकाळी उठून ज्याचं नुकसान केलं त्याच्या दारात जाणार. बायकोला मारलं असेल तर तिच्यापुढं. मातंगाला हिणवलं असेल तर त्याच्यापुढं. तो माफ करील, नाही करील, तो त्याचा हक्क. आम्ही भरपाई करायची आणि पुन्हा तसं करायचं नाही. तुमच्या पौलानंही जुन्या मालकाच्या दारी जाऊ नका असंच सांगितलंय. तेवढ्यापुरते आपण एका वाटेवर आहोत.

आणि तुम्ही पोरांनो, पुढच्या रविवारी विहारात बावीस प्रतिज्ञा म्हणाल तेव्हा भराभर म्हणू नका. एकेक म्हणा, थांबा, आणि गेल्या आठवड्यात ती कुठं मोडली ते स्वतःला विचारा. ज्याच्या बाबतीत मोडली त्याच्याकडं सोमवारी जा.

जय भीम.